टर्नटेबल आणि सासूबाईंचा गुडघा

३ मार्च, सोमवार

आज नवीन टर्नटेबल आलं. जुन्याला आम्ही रेकॉर्ड प्लेअर म्हणायचो. याला तसं म्हटलं की दुकानदार दुखावतो. या दुकानदाराला आम्ही सगळे रेकॉर्डवाले सोनकान म्हणतो, कारण तारेतून वीज कोणत्या दिशेने जातेय हे त्याला ऐकू येतं, असं तो स्वतः सांगतो. मी विचारलं, दिशा कळून करायचं काय? तो नुसता हसला. त्या हसण्यातच मी यंत्र घेऊन टाकलं.

किमतीबद्दल इथे लिहीत नाही. ही वही बायकोच्या हाती लागू शकते.

सारा जन्म मोजणी खात्यात गेला, त्यामुळे मोजून टिपून ठेवलं नाही तर गोष्ट घडल्यासारखीच वाटत नाही. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, ते आता सापडलं. रोज ऐकायचं, जे ऐकू येईल ते लिहायचं आणि आवाजात काय काय सुधारत गेलं ते पाहायचं, असा बेत आहे.

घरची परिस्थिती प्रयोगाला अनुकूल आहे. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. दिवसभर मी आणि सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडेच आहेत. त्यांना वॉकर धरून दर थोड्या वेळाने चालायला सांगितलंय. आमचं घर पहिल्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. हे वाक्य उगीच लिहीत नाही.

४ मार्च

तपासणीसाठी माझी एकच रेकॉर्ड ठरलेली आहे. एका जुन्या व्हायोलिनवादकाची, एकट्याचीच, साथसंगत काही नाही. एक बाजू संथ, दुसरी जलद. कपाटात भिंतभर रेकॉर्डी आहेत, पण यंत्र बदललं की रेकॉर्ड बदलायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मोजणी खात्यातलं पहिलं तत्त्व. पंचवीस वर्षं ही रेकॉर्ड ऐकतोय. ती मला पाठ आहे असं म्हणायला हरकत नाही.

काय सांगू! तारेवर घासणारे गजाचे केस ऐकू आले. वादकाने घेतलेला श्वास ऐकू आला. मी डोळे मिटून बसलो होतो, अंगावर काटा आला.

आणि मग धप्प.

थोडा वेळ गेला, पुन्हा धप्प. खोल, दबका, लाकडावर काहीतरी पडल्यासारखा. जुन्या यंत्रावर हा आवाज कधीच नव्हता. मी सुई उचलली. आवाज थांबला. सुई ठेवली. धप्प.

बारीक गजाचे केस ऐकायला जावं आणि हे कानात यावं, याला काय म्हणायचं.

६ मार्च

दोन दिवस काढून छडा लावला. निरीक्षणं अशी: संथ बाजूला आवाज संथ येतो, जलद बाजूला भराभर येतो. रेकॉर्ड बंद केली की आवाज बंद होतो. म्हणजे घरात कोणीतरी असं आहे जे रेकॉर्ड लागली की चालायला लागतं, संथ बाजूला हळू चालतं, जलद बाजूला घाईने चालतं आणि मी रेकॉर्ड थांबवली की जागच्या जागी थांबतं.

घरात मी सोडून एकच माणूस आहे.

सासूबाई असं मुद्दाम करत असतील असं म्हणणार नाही. पण त्यांचा स्वभाव पहिल्यापासून थोडा चेष्टेखोर. आमच्या लग्नात माझ्या टोपीला त्या काय म्हणाल्या ते मी अजून विसरलेलो नाही.

७ मार्च

विषय काढला. मला वाटलं होतं रागावतील, मुलीला सांगतील, घरात वादळ होईल. मी प्रस्तावना करत बसलो. लाकडी जमीन, कंप, तबकडी, सुईच्या टोकाची नजाकत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चालू नये असंच ना जावईबापू?"

मी म्हटलं, तसं नाही, फक्त रेकॉर्ड चालू असताना.

"तुम्ही किती वेळ लावता?"

मी म्हटलं, सध्या प्रयोग चालू आहेत, त्यामुळे जवळपास दिवसभर.

त्या क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, कला मोठी, आमचं काय. वॉकर त्यांनी स्वतःच भिंतीला लावून ठेवला. मला मनापासून वाईट वाटलं. असा समंजसपणा आमच्या खात्यातल्या वरिष्ठांनी एकदा जरी दाखवला असता, तरी चार नकाशे बरे निघाले असते.

८ मार्च

आवाज येतोय. पण कमी झाला आहे. मला तरी कमी वाटतो.

१० मार्च

आवाज कमी झालेला नाही.

सोनकानला फोन केला. तो म्हणाला, साहेब, सासूबाई हा फक्त मूळ स्रोत होता, आता कंप इमारतीत मुरलाय. त्याच्या सल्ल्याने टर्नटेबलखाली काळ्या दगडाची लादी घातली. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला तुकडा होता, बायकोने तो पोळपाटाखाली ठेवायला जपून ठेवला होता. लादीखाली वाळूचा पसरट डबा. डब्याखाली पितळी टोकं, त्यांना तो शंकू म्हणतो. लादी चढवताना माझी पाठ धरली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या की आता या घरात दोघं झालो.

१२ मार्च

आज फिजिओ आली होती. चटपटीत मुलगी आहे, मला काका आणि सासूबाईंना आजी म्हणते. तिच्याकडे गुडघ्याचा कोन मोजायचं एक साधन असतं, दोन पट्ट्या आणि मध्ये अंश. मला फार आवडलं. मी विचारलं, अर्धा अंश दिसतो का यात? ती म्हणाली, काका, अर्ध्या अंशाचं काही नाही, आजींचा मागच्या वेळी सत्तर होता, आज अडुसष्ट आहे, तो पुढे जायच्या ऐवजी मागे चाललाय. मग सासूबाईंना विचारलं की चालता ना? सासूबाई म्हणाल्या, जमेल तसं. हे खरंच आहे. मोरीपर्यंत त्या चालतात.

योगायोग म्हणजे आज मीही कोनच मोजत होतो. टर्नटेबलची सुई रेघेवर बरोबर बसावी लागते. भिंग लावून, टॉर्च धरून, दुपारपर्यंत बसलो आणि पाव अंशाची चूक काढून टाकली. इतकं समाधान खात्यात कधी झालं नव्हतं.

१४ मार्च

सासूबाई आता दिवाणखान्यातच येऊन बसतात. आरामखुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर पाय, पायावर शाल. मी सुई ठेवली की हात जोडल्यासारखे मांडीवर घेतात आणि डोळे मिटतात. खरंच सांगतो, असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. बायकोला पंचवीस वर्षांत कधी एक बाजू संपेपर्यंत बसवता आलं नाही, तिला मध्येच कुकर आठवतो.

आज बाजू संपल्यावर मी विचारलं, आवाज आला का? त्या विचार करून म्हणाल्या, "आला. अजून येतोय हो. मी काही एवढ्यात चालायला नको."

प्रामाणिक बाई. दुसरं कोणी असतं तर गेला म्हणून मोकळं झालं असतं.

१५ मार्च

स्पीकरची नवीन तार बसवली. सोनकान म्हणाला की तारेला आठवडाभर नुसतं वाजू द्या, तिला सवय व्हावी लागते. बायकोने विचारलं, कशाची सवय? मी म्हटलं, आपल्या घराची. ती म्हणाली, मलाही अजून झाली नाही.

मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आई चालते ना दिवसभर? मी म्हटलं, हो, अगं, आज सकाळीच चालल्या. हे खोटं नाही. दात घासायला गेल्या होत्या. बायकोने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि ती कपडे बदलायला गेली.

१७ मार्च

सासूबाईंनी आज आपणहून एक शंका काढली. बसल्या बसल्या त्या पाऊल वरखाली करायचा व्यायाम करतात, फिजिओने शिकवलेला. म्हणाल्या, त्याचा तर नसेल ना धप्प? मला पटत नव्हतं, पण प्रयोगात कोणतीही शक्यता सोडू नये. त्यांनी तोही बंद केला. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, आभार कसले, तुमच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

आवाज मात्र आहे तसाच. जलद बाजूला तर आज फारच स्पष्ट आला. लादीमुळे आणखी टोकदार झालाय.

१८ मार्च

खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावर संशय होता. पायमशीन चालवतो. रागानेच खाली गेलो, मनात वाक्यं जुळवून. दुकानाला कुलूप. शेजारी चौकशी केली तर तो महिनाभर मुलीकडे गेलाय. कुलपाला तरी किती बोलणार, परत आलो.

जिने चढताना मनात आलं, हे जिने सासूबाई कशा चढल्या असतील? त्यांना उचलून आणलं होतं हे मग आठवलं. त्यांच्या स्वतःच्या घराला तर दोन मजले जिने आहेत, आणि त्या रोज म्हणतात की बरं वाटलं की घरी जाणार.

२० मार्च

घरात आज फार झालं.

फिजिओने बायकोला लॅबमध्ये फोन केला. गुडघा पासष्टवर आलाय. सर्जनने महिनाअखेरीस बोलावलंय. तोवर नव्वदच्या आसपास गेला नाही तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल, आणि सासूबाईंचं हृदय बघता भूल पुन्हा द्यायची की नाही हाच प्रश्न आहे. नाही दिली तर पाय काठीसारखा राहील. मग जिने नाहीत. मग स्वतःचं घर नाही.

बायकोने हे सगळं उंबऱ्यातच, पर्ससुद्धा न ठेवता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, होईल गं हळूहळू. बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, ही चालते की नाही?

मी म्हटलं, प्रयोगामुळे थोडं कमी झालंय.

"कसला प्रयोग?"

मला वाटलं, समजावून सांगितलं की तिला पटेल. मी धप्पपासून सुरुवात केली. तिने मला लादीपर्यंतही पोहोचू दिलं नाही.

२२ मार्च, शनिवार

बायकोने सुट्टी घेतली. तिचं म्हणणं, तो आवाज आईचा नाही हे आजच्या आज सिद्ध करा आणि विषय संपवा. मला ते एकदम मान्य होतं, प्रयोग म्हणजे हेच.

मी काटेकोर व्यवस्था केली. फ्रिज बंद. पंखा बंद. खिडक्या बंद. आम्ही तिघं दिवाणखान्यात. सासूबाईंचे पाय स्टुलावर. बायकोला आणि मला मी पाय खुर्चीवर घेऊन बसायला लावलं, म्हणजे जमिनीला कोणाचाच पाय लागणार नाही. बायको ओठ दाबून बसली, पण बसली. मी हात लांब करून सुई ठेवली.

गज. श्वास. धप्प.

घरात कोणाचाही पाय जमिनीवर नव्हता. पुन्हा धप्प. मी सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं, ते उशीवर स्वस्थ होते. माझ्या डोक्यात इमारतीचा पाया, पाण्याची टाकी, भूगर्भ, काय काय येऊन गेलं.

बायको कान देऊन ऐकत होती. जिला मी आयुष्यभर कान नाही म्हणत आलो ती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, हा ताल धरतोय."

कोण?

"वाजवणारा. पाय आपटतोय तो. सुराबरोबर येतोय बघा ना."

मी ऐकलं. खरं तर तेव्हा मी ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली. व्हायोलिनची लकेर वर जायची, वळायची आणि ज्या जागी टेकायची, बरोबर तिथे तो म्हाताऱ्याचा पाय लाकडी स्टेजवर पडायचा. पंचवीस वर्षं. जुन्या यंत्राला तो ऐकू येत नव्हता, नव्याला येऊ लागला, आणि मी जितकं चांगलं यंत्र करत गेलो तितका तो जोरात ऐकू येत गेला. गज ऐकला, केस ऐकले, श्वास ऐकला, सूर तेवढा ऐकायचा राहिला.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, खिडकी बंद होती. मला एकदम काहीतरी लक्षात आलं.

मी विचारलं, "आई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर चालावं लागलं असतं."

रेकॉर्ड चालूच होती. बायको उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता भांडी वाजतील. वाजली नाहीत. बऱ्याच वेळाने मी दारात जाऊन उभा राहिलो, तर ती ओट्याला टेकून रडत होती. मला म्हणाली, "मी रोज निश्चिंत मनाने जाते हो. म्हणते, घरात दोन मोठी माणसं आहेत."

तिच्या लादीची जागा ओट्यावर रिकामी दिसत होती.

२३ मार्च

सासूबाईंशी बोलणार नाही असं ठरवलं आहे. मी एक साधासरळ माणूस, शास्त्रीय भूमिकेतून एक गोष्ट शोधत होतो आणि त्यांनी माझा उपयोग करून घेतला. "अजून येतोय हो" असं म्हणताना त्यांचा चेहरा कसा निरागस असायचा. वर मी त्यांना प्रामाणिक लिहून बसलोय, तेही पेनने.

त्यांनीही माझ्याशी बोलणं बंद केलंय. त्यांचं कारण काय ते कळलं नाही.

बायको दोघांशीही फक्त जेवणापुरतं बोलते. वॉकर तिने आईच्या पलंगाला लावून ठेवला आहे. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून झोपल्या.

२४ मार्च

सोनकानला सगळं कळवलं. मला वाटलं ओशाळेल. तो उलट भारावून गेला. म्हणाला, साहेब, लोकांना जन्मभर नुसतं व्हायोलिन ऐकू येतं, तुम्हाला पाय ऐकू आला, अभिनंदन. पुढची सुई घेतलीत तर चप्पल होती की बूट तेही कळेल. आणि पाय नको असेल तर तो गाळणारा एक डबाही त्याच्याकडे आहे.

मी फोन ठेवला. डब्याबद्दल थोडा वेळ विचार केला, हे नाकारत नाही.

२५ मार्च

बायको कामावर गेल्यावर घरात नुसती शांतता. रेकॉर्ड लावायची इच्छा नव्हती. सासूबाई पलंगावर, मी दिवाणखान्यात. शेवटी पाण्याचा पेला घेऊन मीच गेलो. बोलायचं नव्हतं, पेला ठेवून निघणार होतो.

त्या म्हणाल्या, बसा.

मग त्यांनी सांगितलं. ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात, पहाटे, कोणाला उठवायचं नाही म्हणून त्या एकट्याच मोरीत गेल्या होत्या. ओल्या फरशीवर वॉकर सरकला. पडल्या नाहीत, नळाला धरून लटकल्या, पण गुडघ्यात असं काही तुटल्यासारखं झालं की डोळ्यांपुढे अंधार. हाक मारायचीही लाज वाटली. तशाच धरून धरून परत आल्या. तेव्हापासून वॉकर हातात घेतला की ती ओली फरशीच दिसते. "तुम्ही चालू नका म्हणालात ना, तेव्हा देवच बोलला असं वाटलं मला."

म्हणाल्या, मुलीला सांगितलं असतं तर ती नोकरी सोडून बसली असती.

मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. कायम कोपरखळ्या मारणारी बाई, ती घाबरलेली होती, आणि तीन आठवडे मी तिच्यासमोर बसून तारेची दिशा बदलत होतो. मला स्वतःची लाज वाटली. ती लपवायला मी पेला पुन्हा भरून आणला.

मग मी म्हटलं, मी मागून धरतो, चला.

त्या म्हणाल्या, तुमची पाठ धरलीय ना?

मी म्हटलं, सुटली. सुटलेली नाही.

दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी माझं मनगट असं आवळलं होतं की बोटांचे वळ उठले. दोघंही घामाघूम. याला चालणं म्हणायचं की नाही ते फिजिओ ठरवेल.

२६ मार्च

सकाळी त्या मुळीच उठेनात. दुखतंय म्हणाल्या, आणि खरोखर दुखत होतं. मी विनवण्या केल्या, धाक दाखवला, सर्जनचं नाव घेतलं. कशाचा उपयोग नाही. मग दुसरं काहीच न सुचून मी जाऊन रेकॉर्ड लावली, संथ बाजू, आवाज मोठा, दारं उघडी.

थोड्या वेळाने पलंग करकरला.

त्यांचं म्हणणं असं की नुसतं चालायचं म्हटलं की पुढचं पाऊल कधी टाकायचं याचीच भीती वाटत राहते. इथे तो म्हातारा सांगतो, आता टाक. तो आधी टाकतो, मग त्या टाकतात. मी त्यांच्या मागे हात धरून, आणि पुढे तो. बोळातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून बोळात. फळ्यांवरून वॉकर असा आपटत होता की माझ्या पितळी शंकूंनी काय काम केलं असेल ते तेच जाणोत. सुई दोनदा उडाली. मी डोळे मिटून घेतले, पण थांबवलं नाही.

धप्प. आणि मागोमाग सासूबाईंचा धप्प.

२९ मार्च

फिजिओने मोजलं: अठ्ठ्याहत्तर. तिने विचारलं, काय केलंत? सासूबाई म्हणाल्या, जावयांच्या संगीताची कृपा. यावर कसा चेहरा करावा मला कळेना.

बायको संध्याकाळी माझ्या ताटात वाढताना थांबली आणि म्हणाली की पाठीला मलम लावून देते. एवढंच. पण आठवड्यातलं तिचं ते पहिलं वाक्य होतं ज्यात मी होतो.

३१ मार्च, सोमवार

सर्जनकडे तिघं गेलो. सर्जनने गुडघा वाकवून पाहिला तेव्हा सासूबाईंनी बायकोचा हात धरला होता आणि बायकोने, बहुधा चुकून, माझा.

चौऱ्याऐंशी. सर्जनने आकडा कागदावर लिहून घेतला. मग म्हणाला, भुलेचं आता नको, पंधरा दिवस देतो, पण रोज चालायचं, दुखलं तरी, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त. नाहीतर मग माझ्या हातात काही नाही. सासूबाई मान डोलावत होत्या. मला ते मान डोलावणं ओळखीचं झालंय.

घरी आल्यावर बायकोने मला बाजूला घेतलं. म्हणाली, दिवसभर ती तुमच्या ताब्यात. या वेळी मी विचारणार नाही.

३ एप्रिल

सासूबाईंनी करार केला आहे: एका वेळी एक बाजू चालायची, त्याच्यावर एक पाऊलही नाही. बाजू संपली की खुर्ची. आज तर बाजू निम्मी झाल्यापासूनच विचारायला लागल्या, किती राहिली? चेहरा लाल, वरच्या ओठावर घाम. मी म्हटलं, थोडीच राहिली. त्या बोळाच्या टोकाला वळल्या, माझ्याकडे पाठ झाली.

माझ्या सुईचं टोक केसाहून बारीक आहे. तिला हाताने स्पर्श करायचा नाही, श्वाससुद्धा दुसरीकडे सोडायचा, असं सोनकानने मला बजावलंय. मी अंगठ्याने आणि बोटाने ती उचलली आणि चांगली दोन बोटं मागे ठेवली. स्पीकरमधून जोरात खरखराट झाला.

सासूबाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, वॉकरचा धक्का बसला असेल.

त्या परत आल्या, वळल्या, पाठ झाली. मी पुन्हा सुई मागे ठेवली. मग पुन्हा. पंचवीस वर्षं जपलेल्या रेकॉर्डवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते, आणि मी ते पुसले नाहीत. त्या दात आवळून चालत होत्या, मध्येच एकदा "आई गं" म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरीही मी सुई मागे ठेवली.

शेवटी त्या बोळाच्या मध्यावर थांबल्या. कान देऊन ऐकलं. म्हणाल्या, "जावईबापू, हा भाग मघाशी झाला."

मी म्हटलं, "आई, मोठ्या संगीतात तेच तेच पुन्हा येतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हात अजून सुईवरच होता. मी तो काढून घेतला नाही, आता काय काढणार. व्हायोलिन चालूच होतं आणि त्या म्हाताऱ्याचा पाय.

"येतं खरं," त्या म्हणाल्या, आणि वॉकर उचलून पुन्हा बोळाच्या टोकाकडे निघाल्या.